घरमालकाचे ‘पेट चार्जेस’: किती द्यावेत, कुठे लिहावेत?

भाड्याच्या घरासाठी फोन केला की, हल्ली “फॅमिली का बॅचलर?” याच्या पाठोपाठ “कुत्रा-मांजर आहे का?” हे विचारलं जातं. ‘हो’ म्हटलं की एक तर फोन बंद होतो, नाही तर एक जादा आकडा सांगितला जातो. या जादा आकड्याबद्दल आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. आमचं मत आधीच सांगतो. प्राण्याने घराचं नुकसान केलं तर मालकाला भरपाई मिळालीच पाहिजे. पण प्राणी घरात आहे एवढ्यासाठी परत न मिळणारे पैसे घेणं अन्यायाचं आहे.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. घराचं भाडं २५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख. एजंट म्हणतो, मालक कुत्र्यासाठी वेगळे २०,००० घेतात, ते परत मिळत नाहीत, करारात लिहीत नाहीत आणि रोखच द्यायचे. असे पैसे घेणं कायद्यात बसतं का? (कोथरूड, पुणे)

महाराष्ट्रात पाळीव प्राण्यासाठी मालकाने किती पैसे घ्यावेत यावर कायद्याने घातलेली मर्यादा नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारात (त्यात मालकाला ‘परवाना देणारा’ आणि भाडेकरूला ‘परवानाधारक’ म्हणतात), भाडं आणि डिपॉझिट दोन्ही आपसात ठरतात. त्यामुळे २०,००० मागणं हा गुन्हा नाही. ते करारात न लिहिता रोख घेणं मात्र सरळसरळ चुकीचं आहे.

मुद्रांक शुल्काचा नियम पाहा. लिव्ह अँड लायसन्सवर ०.२५ टक्के शुल्क लागतं. ते तीन गोष्टींच्या बेरजेवर धरतात : करारकाळाचं एकूण भाडं, परत न मिळणारी कोणतीही रक्कम (तिला नाव काहीही द्या), आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. तुमचा ११ महिन्यांचा हिशेब असा होतो : भाडं २,७५,०००, डिपॉझिटवरचं व्याज ९,१६७, एकूण २,८४,१६७. त्यावर शुल्क सुमारे ७१० रुपये. कुत्र्याचे २०,००० त्यात धरले तर सुमारे ७६०. म्हणजे फरक पन्नास रुपयांचा. हेच २०,००० परत मिळणारं डिपॉझिट म्हणून लिहिले तर शुल्क पाच रुपयांनीही वाढत नाही. तेव्हा “स्टॅम्प ड्यूटी वाढेल म्हणून लिहीत नाही” या कारणात दम नाही. रोख मागायचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. पैसे मालकाकडे पोचतात की एजंटकडेच राहतात, हे तुम्हाला कळू नये हा हेतूही असू शकतो. मालकाला थेट फोन करून खात्री करून घ्या.

बोलणी करताना आकड्यावर घासाघीस करण्याआधी ‘परत मिळणारे’ या दोन शब्दांवर अडून बसा. पंचवीस हजार परत मिळणारे द्यावे लागले तरी ते दहा हजार बुडीत देण्यापेक्षा बरे. पैसे यूपीआय किंवा चेकनेच द्या, आणि करारात पुढच्यासारखा मजकूर घालून घ्या. ऑनलाइन नोंदणी करून देणारा एजंट “साच्यात बसत नाही” म्हणेल, पण इतर अटींमध्ये तो घालता येतो :

“परवानाधारकासोबत लॅब्रेडॉर जातीचा एक कुत्रा (नाव, वय, महापालिका परवाना क्रमांक) राहील, यास परवाना देणाऱ्याची संमती आहे. एकूण डिपॉझिटपैकी २०,००० रुपये फक्त या प्राण्यामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी राखले आहेत. नुकसान नसल्यास ही रक्कम ताबा देण्याच्या वेळीच परत द्यावी. नुकसान असल्यास फोटो व दुरुस्तीचं बिल दाखवून तेवढीच रक्कम कापावी.”

करार नोंदवणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५नुसार मालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं मालकाने सिद्ध करायचं. हे मालकाला शांतपणे सांगा. नोंदवलेला करार त्याच्याही फायद्याचा आहे.

प्रश्न : मालकाची हरकत नाही, पण सोसायटीने दर कुत्र्यामागे महिना ५०० रुपये लावले आहेत आणि लिफ्टमध्ये कुत्रा न्यायचा नाही असा ठराव केला आहे. मालक ते ५०० आमच्याकडून घेतो. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. (घोडबंदर रोड, ठाणे)

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने याविषयी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. भुंकतो एवढ्या कारणावरून कुत्रा काढून टाकायला सांगणंही त्यात बसत नाही.

दुसरा आधार सोसायटीच्या स्वतःच्या उपविधींत सापडेल. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत सारखा वाटायचा असतो, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. तळमजल्यावरचे आजोबा लिफ्टचे पैसे भरतातच. तिथे कुत्र्याच्या चार पायांचं वेगळं तिकीट कशाच्या आधारावर लावणार? फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्यालाही १ ऑगस्ट २००१च्या शासन निर्णयाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. त्याच्या वर भाडेकरूचा किंवा कुत्र्याचा म्हणून आणखी एक रकाना उघडता येत नाही.

तुम्ही सोसायटीचे सभासद नाही, म्हणून तक्रार मालकाच्या सहीने जायला हवी. आधी सेक्रेटरीला पत्र द्या : हे शुल्क कोणत्या उपविधीखाली लावलं, कोणत्या सर्वसाधारण सभेत ठरलं, त्या सभेचं इतिवृत्त द्यावं. पत्राची पोच घ्या. उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं, तर मालकाने सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, सोबत बिलाची प्रत. तोवर ५०० रुपये भरावेच लागले तर पावतीवर ‘हरकत नोंदवून’ असं लिहून घ्या.

तुमच्याकडूनही काही गोष्टी चोख हव्यात. लिफ्टमध्ये आणि जिन्यात कुत्रा आखूड पट्ट्यावर असावा. लिफ्टमध्ये लहान मूल किंवा घाबरणारं कोणी असेल तर एक फेरी सोडावी. आवारातली शी लगेच उचलावी. लसीकरणाची वही आणि महापालिकेचा परवाना यांची एक-एक प्रत सेक्रेटरीकडे आधीच देऊन ठेवावी. सोसायटीतली निम्मी भांडणं पिशवी आणि पट्टा यांवरूनच होतात.

प्रश्न : मी घरमालकीण आहे. दोन मांजरं असलेलं एक जोडपं फ्लॅट मागत आहे. माणसं चांगली वाटतात. पण सागवानी दारं आहेत, खिडक्यांना नवी जाळी लावली आहे, हॉलमध्ये कोटा आहे. भाडं १८,०००. जादा किती घेऊ? (इंदिरानगर, नाशिक)

तुमची काळजी खरी आहे. अंदाजाने आकडा ठरवण्यापेक्षा प्राणी नेमकं काय बिघडवतो ते पाहा, म्हणजे रक्कम आपोआप ठरेल.

मांजराचं पहिलं लक्ष्य म्हणजे नायलॉनची जाळी. नखं लावून ती खालच्या कोपऱ्यातून उसवते. नायलॉनऐवजी जाड पॉलिस्टरची ‘पेट मेश’ सरकत्या चौकटीत बसवता येते. तिचा खर्च कोणी करायचा आणि जाताना ती कोणाची, हे लिहून ठेवा. लॉबीत आणि बाल्कनीत कबुतरांसाठी लावतात तशी जाळी आवश्यकच आहे, नाही तर मांजर खाली पडतं. दुसरी भीती मुताची. नसबंदी न झालेला बोका भिंतीवर, दाराच्या कोपऱ्यावर फवारा मारतो आणि तो वास सहजासहजी जात नाही. म्हणून जादा हजार रुपयांपेक्षा दोन्ही मांजरांच्या नसबंदीचा दाखला मागा. मालकाच्या दृष्टीने तो कागद डिपॉझिटइतकाच मोलाचा आहे. खरवडण्यासाठी काथ्याचा खांब आणि शी-शूसाठी माती भरलेलं भांडं घरात आहे ना, हेही विचारा. ज्या मांजराला खांब मिळतो ते सहसा तुमच्या सागवानाकडे वळत नाही.

कुत्रं असतं तर पाहायच्या जागा बदलल्या असत्या. एकटं राहणारं कुत्रं मुख्य दार आतून, खालच्या फूटभरात खरवडतं. तिथे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावली की प्रश्न मिटतो. फ्लश डोअरच्या आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉलींच्या लॅमिनेटच्या कडा मुताने फुगतात, आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत.

फरशीचं मात्र नीट समजून घ्या. व्हिट्रिफाइड टाइल काही शोषत नाही, पण दोन टाइलांमधला सिमेंटचा सांधा शोषतो. मुतातल्या यूरिक आम्लाचे खडे पाण्याने विरघळत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात वास गेल्यासारखा वाटतो आणि जुलैत हवा दमट झाली की पुन्हा येतो. फिनाइल तो वास फक्त झाकतं. एन्झाइमचा क्लीनर ओतून डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ ओला राहू द्यायचा, मग टिपून घ्यायचा. दोन-तीन वेळा करावं लागतं. मुतावर ब्लीच कधीही ओतू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आणि तुमच्या कोट्यावर व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चालणार नाही. कोटा, कडप्पा, संगमरवर हे चुन्याचे दगड आहेत. आम्ल पडलं की तिथली चकाकी कायमची जाते. भाडेकरूला हे पहिल्याच दिवशी सांगा. बहुतेकदा फरशी प्राण्यापेक्षा अशा चुकीच्या सफाईनेच जास्त बिघडते.

आता रक्कम. आमच्या मते अर्ध्या महिन्याचं भाडं, फार तर एक महिन्याचं. म्हणजे ९,००० ते १८,०००, आणि तेही पूर्ण परत मिळणारं. दर महिन्याला हजार रुपये जादा घेऊ नका. ११ महिन्यांत ११,००० होतात, जाळीचा एक धागाही तुटलेला नसताना. ते भाड्यात मिसळले की दरवर्षीची वाढही त्यांवर लागते. निघताना गोचिडांसाठी पेस्ट कंट्रोल करून त्याचं बिल द्यावं, ही अट कुत्रं असलेल्या भाडेकरूला घालणं रास्त आहे. गोचिडांची अंडी भिंतीच्या भेगांत राहतात आणि पुढच्या भाडेकरूला त्रास होतो.

ताबा द्यायच्या दिवशी मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा : प्रत्येक दार आतून-बाहेरून, चौकटींचा खालचा भाग, जाळीचे चारही कोपरे, ओट्याखालच्या ट्रॉली, फरशीचे कोपरे. आधीपासून असलेले चरे बोट ठेवून दाखवा. तो व्हिडिओ तिथेच उभं राहून भाडेकरूला पाठवा. याने पुढची तीन-चतुर्थांश वादावादी टळते.

प्रश्न : तीन वर्षं राहून घर सोडलं. ७५,००० डिपॉझिटमधून मालकाने ४०,००० कापले : रंग २२,०००, जाळी ८,०००, डीप क्लीनिंग ६,०००, ‘पेट पेनल्टी’ ४,०००. बिल एकाही गोष्टीचं नाही. (डोंबिवली)

एकेक रक्कम वेगळी काढून पाहू.

रंग : तीन वर्षांत भिंती मळतात, उन्हाने फिकट होतात, ते कुत्रा असो वा नसो. ही सामान्य झीज आहे आणि तिचा खर्च मालकाचा. कुत्र्याने खरवडलेल्या एखाद्या भागाला पुट्टी भरून तेवढाच भाग रंगवायचा खर्च तुमचा. सगळं घर रंगवून बिल तुमच्या नावावर टाकता येणार नाही.

जाळी : फाटली असेल तर भरपाई द्यावी, पण नव्याच्या किमतीने नाही. समजा जाळी पाच वर्षं जुनी आहे आणि साधारण आठ वर्षं टिकते. तिचं उरलेलं आयुष्य आठातली तीन वर्षं. ८,००० भागिले ८ गुणिले ३, म्हणजे ३,००० रुपये. सोफा, पडदे, ट्रॉली यांनाही हीच पद्धत लावा. नव्वद टक्के वाद या एका गुणाकाराने मिटतात असं म्हणता येणार नाही, पण आकडा समोर आला की आवाज खाली येतात.

डीप क्लीनिंग : तुम्ही झाडून-पुसून घर दिलं असेल आणि वास किंवा डाग नसतील, तर ६,००० कशाचे हे मालकाने दाखवायला हवं.

पेनल्टी : भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा फक्त कमाल मर्यादा ठरतो. नुकसान जाळीत आणि रंगात आधीच धरलं आहे. त्याच नुकसानीवर पुन्हा ४,००० बसत नाहीत.

आता काय करायचं? वरचा हिशेब मांडून, जाळीचे ३,००० आणि रंगाच्या दुरुस्तीचा वाजवी खर्च मान्य करून उरलेली रक्कम १५ दिवसांत द्यावी, असा ई-मेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. जे रास्त आहे ते आधीच मान्य केलं की तुमची बाजू भक्कम होते. उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस. त्याच्याही आधी किंवा सोबत जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. ते दोघांना बोलावून तडजोड घडवायचा प्रयत्न करतात. महिलांना विधी सेवा मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. घरात करार पत्नीच्या किंवा आईच्या नावे असेल तर हे लक्षात ठेवा. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं असते, पण ती संपायची वाट पाहू नका. फोटो हरवतात, शेजारी बदलतात.

एक सावधगिरी इतर वाचकांसाठी. “डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ली देणार नाही” असं म्हणून करार संपल्यावर घर अडवून बसू नका. १९९९च्याच कायद्याच्या कलम २४नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. त्यापेक्षा करार करतानाच लिहून घ्या : किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी, समोरासमोर.

प्रश्न : करार झाला तेव्हा प्राणी नव्हता. गेल्या पावसात रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलं. मालकाला कळलं, आता म्हणतो १५,००० दे नाही तर उद्या घर सोड किंवा पिल्लू सोड. (वारजे, पुणे)

‘उद्या’ कोणी घराबाहेर काढू शकत नाही. करारातली नोटिशीची मुदत द्यावी लागते. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं हे प्रकार झाले तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. पिल्लू उपाशीतापाशी रस्त्यावर सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६०च्या कलम ११खाली गुन्हा आहे आणि तो सोडणाऱ्याच्या अंगावर येतो, म्हणजे तुमच्या. त्या धाकाला बळी पडू नका.

पण करारात ‘प्राणी ठेवू नये’ अशी अट असेल तर चूक तुमची आहे, आणि मालकाला नोटीस देऊन करार संपवता येतो. तेव्हा आजच माफीसह लेखी परवानगी मागा, परत मिळणारं जादा डिपॉझिट देऊ करा आणि ते पुरवणी करारात नोंदवा. पशुवैद्यकाकडे लसीकरण सुरू झाल्याची नोंद सोबत जोडा.

प्रश्न : आम्ही रेडिंगला (इंग्लंड) राहतो. घरभाडं १,२०० पौंड. लेटिंग एजंट मांजरासाठी ३०० पौंड फी, जादा डिपॉझिट आणि महिना ५० पौंड ‘पेट रेंट’ मागतो आहे. इथे नियम कडक आहेत असं ऐकलं होतं.

तिन्ही मागण्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ३०० पौंडांची फी सरळ बेकायदा. १ जून २०१९पासून लागू झालेल्या टेनंट फीज अ‍ॅक्टने अशा फीवर बंदी आणली. पहिल्या उल्लंघनाला ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रार स्थानिक कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाकडे करायची. डिपॉझिटला पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे (वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर). तुमच्यासाठी १,२०० गुणिले १२, भागिले ५२, गुणिले ५, म्हणजे १,३८४ पौंड ६१ पेन्स. मांजर धरून, सगळं मिळून एवढंच.

राहिला ‘पेट रेंट’. २०१९च्या कायद्याने भाड्यावर मर्यादा घातली नव्हती, म्हणून फी आणि जादा डिपॉझिटची वाट बंद झाल्यावर मालक या वाटेने गेले. ठरलेल्या भाड्याचा भाग म्हणून ५० पौंड लावणं त्या कायद्यात बंद नाही. २०२५च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टमुळे, १ मे २०२६ या अंमलबजावणीच्या तारखेपासून, भाडेकरू प्राणी ठेवण्याची लेखी विनंती करू शकतो. मालकाने २८ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आणि वाजवी कारणाशिवाय नकार द्यायचा नाही. चालू करारात भाडं वाढवायचं तर वर्षातून एकदाच आणि ठरलेल्या नोटिशीने. प्राण्याचा विमा काढायला लावण्याची तरतूद मूळ विधेयकात होती, ती पुढे वगळली गेली. एजंट विमा सक्तीचा सांगत असेल तर कलम दाखवा म्हणावं. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.

प्रश्न : ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही’ असा मेसेज फिरतो आहे. तो खरा आहे का? आणि प्राण्यांच्या पैशांवर आपल्याकडे कायदा का नसावा? (धरमपेठ, नागपूर)

मेसेज अर्धवट आहे. दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार अधिनियमात आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. स्वीकारला तर प्राण्याचं डिपॉझिटही त्याच दोन महिन्यांच्या आत बसवावं लागेल, हा भाडेकरूंना मोठा दिलासा होईल. पण त्यात प्राण्यांचा वेगळा विचार नाही, आणि ‘फी’ किंवा ‘जादा भाडं’ या नावाने पैसे काढायच्या वाटा उघड्याच राहतात.

कायदा असावाच, असं आमचं ठाम मत आहे. घरभाडं हा विषय राज्याच्या अखत्यारीत येतो, तेव्हा १९९९च्या कायद्यात दुरुस्ती करून तो आणता येईल. तो कसा असावा यासाठी इतरांचे अनुभव उपयोगी आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२४पासून प्राण्याच्या जादा डिपॉझिटला ३०० डॉलरची मर्यादा घातली आणि ते परत मिळणारंच असलं पाहिजे असं ठरवलं. मासिक जादा भाड्याला ३५ डॉलर किंवा भाड्याच्या दीड टक्का, यांपैकी जे मोठं असेल त्याची मर्यादा. दोन्ही वाटांवर एकदम नियम केल्याने इंग्लंडसारखी पळवाट राहिली नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा नियम आम्हाला सर्वांत पटतो. तिथे प्राण्याचं डिपॉझिट अर्ध्या महिन्याच्या भाड्यापर्यंत, प्राणी एक असो की तीन. ते फक्त प्राण्याने केलेल्या नुकसानीसाठीच वापरायचं. घर सोडून नवा पत्ता दिल्यावर मालकाने १५ दिवसांत परत द्यायचं किंवा रक्कम कापण्यासाठी दाद मागायची, नाही तर दुप्पट द्यायचं. मालकाच्या हातात सुरक्षितता राहते आणि भाडेकरूचे पैसे अडकत नाहीत.

फक्त रकमेवर मर्यादा घालून भागणार नाही, हेही खरं. मर्यादा आली आणि नकार देण्याची पूर्ण मोकळीक राहिली, तर मालक सरळ ‘प्राणी नको’ म्हणतील. म्हणून रकमेची मर्यादा आणि नकाराला लेखी कारण, हे दोन्ही एकत्र यायला हवेत. मालकाला खरी अडचण असू शकते, उदाहरणार्थ घरात कोणाला दम्याचा त्रास, किंवा एक खोली आणि मोठा ग्रेट डेन. ती कारणं वाजवी धरावीत.

एक काम कायदा होईपर्यंत थांबायची गरज नसलेलं आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स अर्जात ‘पाळीव प्राणी : आहे/नाही, त्यासाठी घेतलेली रक्कम, परत मिळणारी/न मिळणारी’ असा रकाना घालता येईल. रक्कम रकान्यात आली की ती रोखीत लपत नाही. वाचकांनी आपापल्या आमदारांकडे आणि विभागाकडे ही सूचना पाठवावी.

प्रश्न : घर मिळतच नाही म्हणून मांजर असल्याचं लपवून करार केला तर? (राजारामपुरी, कोल्हापूर)

लपवू नका. कळल्यावर करार संपवायला मालकाला आयतं कारण मिळतं आणि डिपॉझिटच्या वादात तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. त्याऐवजी पहिल्या भेटीला एक पातळ फाइल घेऊन जा : मांजराचा फोटो, लसीकरणाची वही, नसबंदीचा दाखला, आधीच्या मालकाचं “घर जसंच्या तसं परत मिळालं” असं दोन ओळींचं पत्र आणि त्याचा फोन नंबर (त्याला विचारून). आधी भाड्याचं घर नव्हतं तर शेजाऱ्याचं पत्र चालेल. आणि परत मिळणाऱ्या जादा डिपॉझिटचा प्रस्ताव मालकाने तोंड उघडायच्या आधी तुम्हीच मांडा, म्हणजे त्याचा आकडा तुम्ही ठरवलेला असेल.